दोन जावांचा खड्डा

आमच्या घरासमोर, ओट्याला लागून, एक खड्डा होता. छातीइतका खोल, दगडी पायऱ्या असलेला, आणि तळाशी एक पितळी नळ. बाहेरगावचे पाहुणे आले की हमखास विचारायचे, नळ भिंतीला असतो, हा जमिनीत कशाला पुरलाय? मला या प्रश्नाचा राग यायचा. बुऱ्हाणपुरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाइपातल्या पाण्याला जोरच नसला तर ते वर चढणार कसं? मग आपणच खाली उतरायचं. शेजाऱ्यानं हातभर खाली नळ नेला की पाणी त्याच्याकडे वळतं, मग आपण त्याच्याहून खाली जायचं, मग तो पुन्हा. असं करत करत आमची अख्खी गल्ली खणत गेली होती. ज्या गावात बादशाही जमान्यात डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून पाणी आणलं, त्या गावात पाण्यासाठी खड्ड्यात उतरायची कसली लाज?

आमचा खड्डा बाबांनी आणि काकांनी मिळून खणला होता. मी तेव्हा लहान होते, पण ते दृश्य डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. काका आत, कमरेपर्यंत मातीत, हातात टिकाव. बाबा वर, धोतर खोचून, मातीचं घमेलं ओढून घ्यायला. काका बहादरपूरची आमची केळी बघायचे, त्यांचा हात कामाचा. बाबा शाळामास्तर, त्यामुळे ते घमेलं ओढण्यापेक्षा सूचना जास्त द्यायचे. काका खालून म्हणायचे, "दादा, तू फक्त ओढ, शिकवू नको." आणि बाबा हसायचे. नळाला पहिली धार आली तेव्हा दोघं भाऊ त्या खड्ड्यात दाटीवाटीनं उतरून आळीपाळीनं धारेखाली डोकं धरत होते, आणि आई आणि काकू वर उभ्या राहून त्यांना म्हणत होत्या, आता बस करा, आम्हाला भरू द्या.

त्याच भावांनी पुढं घराची वाटणी केली आणि बोलणं बंद केलं. कारण सांगायला मला आजही संकोच वाटतो. कारण होतं जिना. घराच्या मधोमध भिंत घातली तर जिना आमच्या अर्ध्यात आला, आणि काकांची वरची खोली, जिथं काकूचं स्वयंपाकघर होतं, तिथं जायला दुसरा रस्ता नव्हता. बाबा म्हणाले, आमच्या जिन्यानं जा-ये कर, कोण अडवतंय. काका म्हणाले, मी कोणाच्या मेहरबानीनं माझ्या घरात जाणार नाही. बाबा म्हणाले, मग नको जाऊ. झालं. काकांनी गल्लीच्या बाजूनं लोखंडी जिना लावून घेतला. माडीवर आमच्या आणि त्यांच्या मध्ये एक दार होतं, त्याला आम्ही आमच्या बाजूनं कडी घातली, त्यांनी त्यांच्या. श्रावणात कानबाईच्या नैवेद्याचे रोट एका घरी व्हायचे, ते भिंतीच्या दोन बाजूंना व्हायला लागले. आणि काकांनी घरात बजावून ठेवलं की त्या उंबऱ्याला आपल्यातल्या कोणाचा पाय लागता कामा नये.

फक्त खड्ड्याची वाटणी झाली नाही. तो नेमका भिंतीच्या रेषेवर होता आणि नळाचं कनेक्शन एकच होतं. त्याला भिंत घालणार कशी?

नळ एक दिवसाआड यायचा, पहाटे, शेजारच्या मोहल्ल्यातल्या पॉवरलूमचा खडखडाट सुरू व्हायच्या जरा आधी. आणि त्या खड्ड्यातून पाणी भरणं हे एकटीचं काम नव्हतं. भरलेला हंडा घेऊन पायऱ्या चढायच्या तर पाय घसरतो, आमच्या आईचा एकदा घसरलाच होता. म्हणून एकीनं खाली उतरून भरायचं, दुसरीनं वरून ओढून घ्यायचं. आधी आई उतरायची, नंतर तिचे गुडघे बोलायला लागले तशी काकू उतरायला लागली. एक हंडा आमचा, एक त्यांचा, असं आलटून पालटून. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं तरी हंडा देता-घेताना तोंड कसं बंद ठेवणार?

मी खिडकीतून ऐकायचे. सगळं बोलणं त्या तासाभरातच व्हायचं. शाहपूरला कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाच्या केळीला करपा लागला, काकूच्या लेकाचा सुरतेहून फोन आला का, आईची शुगर किती निघाली. काकू खालून बोलायची म्हणून तिचा आवाज घुमायचा. आईला कमी ऐकू येतं म्हणून आई जोरात बोलायची. म्हणजे सगळी गुपितं अख्ख्या गल्लीला माहीत असायची, फक्त या दोघींना वाटायचं की आपण खासगीत बोलतोय. एकदा काकू म्हणाली, "ताई, हे रात्री झोपेत दादा दादा करतात." आई म्हणाली, "आमचे हे जागेपणी करतात, फक्त ओठ मिटून." आणि दोघी इतक्या हसल्या की काकूचा हंडा वरच्या पायरीवर आपटून त्याला पोचा आला. तो पोचा आजही आहे.

मी चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, शाळेत गणित शिकवते, आणि माझा आवाज गल्लीत प्रसिद्ध आहे. अन्याय दिसला की मला राहवत नाही, आणि मला तो सगळीकडे दिसतो. म्हणून नवीन पाइपलाइन येणार असं कळलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला. घरोघरी वेगळं कनेक्शन, भिंतीला नळ, प्रेशर असं की पाणी सरळ माडीवर चढणार. मी आईला बातमी सांगितली, मला वाटलं ती देवापुढे साखर ठेवेल. ती भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "मग खड्डा?"

"बुजवणार. रस्त्यात खड्डे ठेवायचे नाहीत म्हणून सांगितलंय."

आईनं मेथीची दुसरी जुडी उचलली. मग म्हणाली, "खड्डा बुजला की ती माझ्याशी बोलायला कुठं येईल व?"

मी म्हटलं, येईल की घरी. आई म्हणाली, "इतक्या वर्षांत आली का?" मी म्हटलं, फोन करा एकमेकींना. आई म्हणाली, "मला फोनवर काय ऐकू येतं? हो हो म्हणून ठेवून द्यायचा." तिचे डोळे भरून आले होते. मेथीची जुडी तशीच हातात होती. मला तिचं मन कळत होतं, नाही असं नाही, पण गुडघे घेऊन खड्ड्याच्या काठावर वाकणारी आई मला पहाटे पाहवत नव्हती. एवढी वर्षं ती आणि काकू जनावरासारख्या पाणी ओढत होत्या. मी ठरवलं, हे झालंच पाहिजे, आणि आईचं मन आपोआप वळेल.

मग खोदाई आली. आमच्या गल्लीत जेसीबीचं तोंडसुद्धा शिरत नाही, त्यामुळे आधी ब्रेकरनं काँक्रीट फोडलं आणि मग माणसांनी हातानं खणलं. धूलकोटकडची मंडळी होती, नवरा-बायकोच्या जोड्या. नवरा टिकाव मारायचा, बायको फावड्यानं माती वर फेकायची, आणि झाडाला बांधलेल्या साडीच्या झोळीत त्यांचं लेकरू त्या सगळ्या आवाजात गाढ झोपलेलं असायचं. काँक्रीटखाली जुनी फरशी निघाली, फरशीखाली मुरूम, मुरुमाखाली विटा, आणि त्याखाली काळी माती, ओलसर, वासाची. समोरच्या मावशी रोज ओट्यावर बसून तपासत होत्या की सोनं निघतंय का. निघाला एक गंजलेला पाइप, कोणीतरी कधीतरी गाडलेलं एक जातं, आणि आमच्या घरची एक पितळी झारी, जी ओट्यावरून खाली पडली असं मी सांगत असतानाही लहानपणी मला मार बसला होता. ती झारी बघून आई म्हणाली, "चला, म्हणजे तू खरं बोलत होतीस." माझा न्याय इतक्या वर्षांनी झाला, पण झाला.

चर आमच्या ओट्याला घासून गेला. दारातून बाहेर पडायला एक फळी टाकली होती, आणि ती फळी आमच्या आणि काकांच्या दारांमध्ये एकच होती, कारण दुसरी ठेकेदाराच्या माणसानं वाचवली. त्यावरून दोघं भाऊ समोरासमोर आले की एक मागे सरायचा आणि दुसरा आकाशाकडे बघत पार व्हायचा. आणि त्यांचं बोलणं बंद होतं म्हणजे बोलत नव्हते असं नाही. त्यांची एक वेगळीच पद्धत होती. तिसऱ्या माणसाला मध्ये घ्यायचं आणि हिंदीतून बोलायचं. मराठीत बोललं तर ते भावाशी बोलल्यासारखं होतं, हिंदीत बोललं की ते मजुराशी बोललेलं असतं. बाबा ओट्यावर पेपर धरून मजुराला म्हणायचे, "भैया, उनसे कहो, वो लोहे का जीना थोडा हटाना पड़ेगा, पाइप को जगह नहीं है." आणि हातभर अंतरावर उभे असलेले काका त्याच मजुराला म्हणायचे, "उनसे कहो, जीना अपनी जगह है, पाइप घूम के जाएगा." तो बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायचा. पाइप शेवटी वळून गेला. काळा जाडजूड पाइप, त्याची तोंडं तापवून एकमेकांना चिकटवायचे, मग वाळूच्या गादीवर निजवायचे. त्यातून प्रत्येक घरात एक निळी नळी.

खड्डा बुजवायचा दिवस आला तेव्हा काकू सकाळीच खाली उतरली आणि तिनं तो घासून काढला. पायऱ्या, नळ, कोपरे, सगळं. मी म्हटलं, काकू, आता मुरूमच टाकणार आहेत. ती म्हणाली, "म्हणून काय घाणीत पाठवायचं?" आईनं वरून हळद-कुंकवाची कोयरी दिली, काकूनं नळाला लावली. मग वर आली आणि दोघी काठावर उभ्या राहिल्या. मजूर बाया मुरुमाच्या तगाऱ्या ओतायला लागल्या तसा नळ दिसेनासा झाला. काकूनं आईचा हात धरला होता. आईला रडू आवरत नव्हतं आणि ती ते लपवतही नव्हती. मला वाटलं, इतकं काय, पण बोलले नाही. एवढी अक्कल मलाही आहे.

नवीन नळाला पाणी आलं, आणि काय आलं म्हणून सांगू. तोटी सोडली की बादली उडायची. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आई स्वयंपाकघरात उभी राहून हंडा भरताना बघत होती, हंडा भरला, तिनं तोटी बंद केली, काम संपलं. पूर्वी तास लागायचा, आता चहाला आधण येईपर्यंत सगळं भरून व्हायचं. मग ती ओट्यावर जाऊन बसायची. खड्ड्याच्या जागी नव्या काँक्रीटचा पांढरा चौकोन होता. भिंतीपलीकडून काकूच्या भांड्यांचा आवाज यायचा. एकदा आई भिंतीजवळ जाऊन जरा मोठ्यानं म्हणाली, "शुगर कमी निघाली आज." पलीकडून काही आलं नाही, त्या वेळी काका घरात असणार. आई परत येऊन बसली.

आणि मग एके पहाटे दाराशी काकू. कमरेवर कळशी. आमच्या दाराशी. मी दात घासत होते, ब्रश तसाच तोंडात राहिला.

"ताई, आमच्या नळाला आलंच नाही व. एक कळशी देता का?"

आई म्हणाली, "ये ना," इतकंच, जणू काकू रोजच येते. काकू उंबऱ्यावर क्षणभर थांबली, मागे लोखंडी जिन्याकडे बघितलं, आणि आत आली. कळशी भरायला किती वेळ लागतो? ती कारखान्यांचे सकाळचे भोंगे होईपर्यंत बसली होती. वापरायला गल्लीतल्या बोअरचं खारट पाणी सगळ्यांकडेच होतं, पण प्यायला, डाळ शिजवायला नळाचंच लागतं, त्यामुळे काकांनाही काही बोलायला तोंड नव्हतं. तहान लागली की उंबरा कोणाचा, हे कोण बघतं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी काकू पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. कधी म्हणायची, थेंबथेंब आलं आणि गेलं. कधी म्हणायची, नुसती हवा येते सूं करून. आई नळ यायच्या आधीच चहाचं आधण ठेवायची आणि दोन कप काढून ठेवायची. गणित शिकवणाऱ्या बाईला दोन कप मोजता येत नाहीत असं नाही, पण माझं डोकं दुसरीकडेच तापलं होतं. एवढी खोदाई, एवढी धूळ, एवढे दिवस फळीवरून कसरत, आणि आमच्या काकूच्या घरी पाणी नाही? गल्लीतल्या बाकी सगळ्या घरांत धो धो, आणि एका घरात सूं?

मी हेल्पलाइनला फोन केला. पुन्हा केला. ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या साहेबांना मी सांगितलं की जोवर माझ्या काकूच्या नळाला पाणी येत नाही तोवर मी रोज येऊन बसणार, आणि मला शाळेला सुट्टी आहे. घरी आई म्हणत होती, "कशाला ती भानगड? आपल्याकडून नेते ना ती." काकू तर हात जोडत होती, "राहू दे ना बाई, येईल हळूहळू." मी दोघींना म्हटलं, तुम्ही अशाच सगळं सोसत राहता म्हणून हे लोक डोक्यावर बसतात. आई काकूकडे बघून काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, भाबड्या आहेत बिचाऱ्या.

रविवारी उजाडताच, नळाच्याच वेळी, फिटर आला. मिशीवाला, शांत स्वभावाचा माणूस. बरोबर ब्रेकर आणि दोन मजूर. मी त्याला ओट्यावरूनच दाखवलं, इथंच, जिन्याच्या पायाशी, पाइप वळवला होता तिथंच चोक झाला असणार. त्यानं विचारलं, "अंदर से चेक किया, दीदी?" आता वाटणीनंतर मी काकांच्या अर्ध्यात पाऊल टाकलेलं नाही, हे त्याला कशाला सांगू? मी म्हटलं, आत काय चेक करायचं, गडबड तुमच्याच लाइनीत आहे. फोडा.

नवं कोरं काँक्रीट फुटायला लागलं. त्या आवाजानं गल्ली गोळा झाली. समोरच्या मावशी ओट्यावर वाळत घालायला आणलेले पापड उचलत मला नावं ठेवत होत्या. बाबा पेपर घेऊन बाहेर आले. काका लोखंडी जिन्यावर येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. काकू त्यांच्या दारात, पदर तोंडाशी. आई माझं कोपर ओढत होती, "घरात चल म्हणते ना मी." मी कोपर सोडवलं. मी तेव्हा न्यायासाठी लढत होते.

चर उघडला. फिटरनं खाली उतरून काळ्या पाइपावरचा निळ्या नळीचा जोड सैल केला, आणि पाण्याची अशी चिळकांडी उडाली की ती सरळ जिन्यावर उभ्या असलेल्या काकांच्या छातीवर. काका हलले नाहीत. फिटरनं जोड पुन्हा घट्ट केला, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "मेन तो एकदम चालू है, दीदी." मग तो निळ्या नळीचा माग काढत काकूच्या दारातून आत गेला. काकू बाजूला झाली. तिचा चेहरा बघून मला फिटरला थांबवावंसं वाटलं, पण तोवर उशीर झाला होता.

आतून, पाण्याच्या ड्रमामागून, त्याचा आवाज आला. "अरे माताजी, कॉक तो बंद है. हाथ से बंद किया हुआ है."

 समोरच्या मावशी पापड धरून तशाच. ज्या बाईनं घरात भरपूर पाणी असताना हातानं तोटी फिरवून ते बंद केलं आणि महिनाभर शेजारून कळशीनं पाणी नेलं, ती बाई सगळ्यांसमोर उभी होती आणि तिचा नवरा जिन्यावर. मला मातीत शिरावंसं वाटलं. चर उघडाच होता.

आई पुढे आली. आमची आई, जी दुकानदाराला भाव कमी कर असंही कधी म्हणत नाही, ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीच तिला सांगितलं होतं बंद ठेव म्हणून. नव्या पाइपातनं आधी माती येते." अख्खी गल्ली कधीपासून त्याच पाइपाचं पाणी पीत होती. कोणी हसलं नाही. फिटर बाहेर आला आणि भिजलेल्या काकांकडे बघून म्हणाला, "खोल दूँ, बाबूजी?"

काकांनी सदऱ्याच्या बाहीनं चेहरा पुसला. या माणसाचं अर्धं आयुष्य केळीच्या पाइपांमध्ये गेलंय, घरातला बंद कॉक त्यांना एवढे दिवस दिसला नसेल? ते फिटरला म्हणाले, "बंद ही रहने दो. हमारा पानी उधर से आता है." आणि हनुवटीनं आमच्या दाराकडे दाखवलं.

काकूनं पदर डोळ्यांना लावला. बाबांचा पेपर हलला नाही, पण त्यामागून आवाज आला. "भैया, उनसे कहो, तो फिर खुद भी आया करें. अकेली बाई कितना ढोएगी."

फिटर जिन्याकडे वळला. "वो बोल रहे हैं कि..."

"सुना मैंने," काका म्हणाले, आणि कपडे बदलायला वर गेले. मी मजुरांना चहा दिला, फिटरची माफी मागितली, आणि तो चर बुजवून होईपर्यंत तिथंच उभी राहिले, कारण आत आईला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

पुढच्या पाण्याच्या पहाटे काकू कळशी घेऊन आली, आणि तिच्यामागे काका, खांद्यावर तोच पोचा आलेला हंडा. आई आत आधण ठेवत होती. यावेळी चार कप काढले होते, मी मोजले. काकांनी बाहेर चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशी थांबले. बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, आत यायला."

मी म्हटलं, "तुमचं तुम्ही सांगा. मी काय फिटर आहे?"

बाबांनी पेपर आणखी वर धरला. काका आत आले, हंडा भरला, खांद्यावर घेतला आणि वळले. तेव्हा बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, मराठीत, "त्या लोखंडी जिन्यावरून हंडा घेऊन चढू नको. पडशील."

काका थांबले. खांद्यावरच्या हंड्यातून पाणी त्यांच्या पाठीवर सांडत होतं. बाबा उठले, पुढे झाले, आणि आमच्या जिन्यानं वर गेले, मागे काका. मीही गेले, मला राहवतं कुठं. माडीवरच्या दाराची आमच्या बाजूची कडी गंजून बसली होती, बाबांनी चप्पल काढून तिच्यावर ठोकली तेव्हा ती सरकली. मग आम्ही वाट बघत उभे राहिलो, की काकू पलीकडून फिरून जाईल आणि तिकडची कडी काढेल.

काका म्हणाले, "ढकल. आमच्या बाजूनं कडी नाहीये." बाबांनी विचारलं, कधीपासून. काका म्हणाले, "लावलीच नव्हती, दादा."